आकाशातील तापमापक आणि एक संशयी शास्त्रज्ञ

मानवाने जाळलेल्या इंधनामुळे पृथ्वी तापत आहे, या सिद्धान्ताविषयी संशय बाळगणाऱ्या सर्वांना एकाच मापाने मोजण्याची प्रथा पडली आहे, आणि ती न्याय्य नाही. या मंडळींत एकाही तापमापकाला हात न लावलेले वादपटू आहेत, तसेच अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथील विद्यापीठात वातावरणविज्ञान शिकविलेले प्रा. जॉन ख्रिस्टी यांच्यासारखे, उभे आयुष्य तापमानाच्या नोंदींत घालविलेले अभ्यासकही आहेत.

ख्रिस्टी मूळचे कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचे. सान होआकिन खोऱ्यातील त्या शेतीप्रधान मुलुखात त्यांना कोवळ्या वयातच हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा छंद जडला. पुढे त्यांनी केनियात विज्ञानशिक्षकाचे काम केले, साउथ डकोटात बाप्टिस्ट पंथाचे पाद्री म्हणून सेवा केली आणि त्यानंतर इलिनॉय विद्यापीठातून वातावरणविज्ञानाची डॉक्टरेट मिळविली. 2000 साली अलाबामाचे राज्य हवामानतज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यांची खरी कामगिरी मात्र त्याआधीची. 1990 साली त्यांनी आणि हंट्सव्हिल येथेच नासाच्या केंद्रात काम करणाऱ्या रॉय स्पेन्सर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. वातावरणातील प्राणवायूचे रेणू आपल्या तापमानाच्या प्रमाणात सूक्ष्मलहरी उत्सर्जित करतात, आणि हवामान-उपग्रहांवरील यंत्रे 1978 च्या अखेरीपासून त्या टिपत होती. हे दप्तर जवळजवळ पडूनच होते. त्यातून महासागर, वाळवंटे, ध्रुवप्रदेश अशा सर्वांवरील हवेचे तापमान काढता येते, हे या दोघांनी दाखवून दिले. पहिल्या दहा वर्षांत तापमानवाढीचा स्पष्ट कल आढळला नाही, आणि पुढील काही वर्षे तर हे आकडे किंचित थंडावाच दाखवीत राहिले. जमिनीवरील तापमापक पृथ्वी तापत असल्याची ग्वाही देत असता आकाशातील तापमापकाची साक्ष उलट पडावी, हा संशयवाद्यांच्या हाती आलेला सर्वांत भक्कम पुरावा होता.

परंतु उपग्रहाचे माप वाटते तितके सरळ नसते. भूपृष्ठालगतच्या थराचे तापमान काढण्यासाठी ख्रिस्टी व स्पेन्सर हे यंत्राने सरळ खाली पाहून घेतलेल्या मापांना अधिक वजन देत आणि तिरक्या नजरेने घेतलेली मापे त्यांतून वजा करीत. तिरकी दृष्टी वातावरणाच्या वरच्या थंड थरांचा अंश अधिक टिपते, म्हणून ही योजना. आता, सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली येतो, त्यामुळे तिरक्या दृष्टीचा कोन बदलतो, ती थोड्या खालच्या व म्हणून उबदार हवेत शिरते, आणि जे वजा करावयाचे ते वाढल्यामुळे बाकी कमी येते. हवा थंड झाल्याचा भास तेवढ्यानेच होतो. फ्रँक वेन्ट्झ आणि मॅथायस शाबेल यांनी 1998 साली ‘नेचर’मध्ये ही चूक दाखवून दिली. ख्रिस्टींनी ती मान्य केली, मात्र इतर दुरुस्त्यांमुळे तिचा परिणाम बराचसा भरून निघतो, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी चूक याहून मर्मावरची होती. उपग्रहाची एखाद्या ठिकाणावरून जाण्याची स्थानिक वेळ वर्षानुवर्षे सरकत जाते. दुपारी होणारे मापन संध्याकाळकडे झुकते, आणि संध्याकाळची हवा स्वभावतःच थंड. हा फरक वगळण्यासाठी केलेल्या दुरुस्तीची दिशाच उष्ण कटिबंधात उलटी पडली होती, असे कार्ल मीअर्स आणि वेन्ट्झ यांनी 2005 साली ‘सायन्स’मध्ये दाखविले. ख्रिस्टी व स्पेन्सर यांनी त्याच नियतकालिकात जाहीर कबुली दिली, चूक शोधणाऱ्यांचे आभार मानले आणि हिशेब सुधारला. दशकाला 0.088 अंश सेल्सिअस असलेला वाढीचा कल 0.123 अंशांवर गेला. ज्या वादात आपली बाजू सावरण्यासाठी माणसे काय वाटेल ते करतात, त्या वादात हे वर्तन मला फार मोलाचे वाटते.

याच दप्तरात आणखी एक साक्ष आहे, आणि तिच्याकडे संशयवाद्यांचे लक्ष क्वचितच जाते. त्याच यंत्रांनी टिपलेल्या स्थितांबराच्या, म्हणजे भूपृष्ठालगतच्या तपांबराच्या वर असणाऱ्या थराच्या, नोंदी या काळात एकंदरीत थंडावाच दाखवितात. सूर्याची उष्णता वाढली असती, तर वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. खाली ताप आणि वर थंडावा ही जोडी हरितगृह-वायूंच्या वाढीशी जुळते, मात्र ओझोनच्या ऱ्हासाचाही तीत मोठा वाटा आहे.

ख्रिस्टी यांचा आजचा आक्षेप नेमका आहे. कार्बन डायऑक्साइडचा काही परिणाम होतो, हे त्यांना मान्य आहे. परंतु संगणकीय प्रतिमाने उष्ण कटिबंधावरील मध्य व वरच्या तपांबराला प्रत्यक्षापेक्षा अधिक तापवितात, म्हणून त्यांवर विसंबून राज्याची धोरणे आखू नयेत, अशी जबानी त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांपुढे वारंवार दिली आहे. ही तफावत काल्पनिक नव्हे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालानेही तिची दखल घेतली. पण एका थरातील वाढीचा अंदाज जास्त निघाला, एवढ्यावरून त्या वाढीचे कारण मानव नव्हे किंवा तिची चिंता करण्याचे प्रयोजन नाही, असा निष्कर्ष निघत नाही. येथे ख्रिस्टी यांचे अनुमान त्यांच्या मापनाच्या पुढे धावते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने प्रसिद्ध केलेल्या, हवामानबदलाचे गांभीर्य कमी लेखणाऱ्या अहवालाच्या पाच लेखकांत ख्रिस्टी आणि स्पेन्सर हे दोघेही आहेत. तो अहवाल वाचकांनी अवश्य वाचावा. मात्र याच दोघांच्या हातून दर महिन्याला प्रसिद्ध होणारी तापमानाची नोंदही त्याच्या शेजारी ठेवून वाचावी. 1979 पासून दशकामागे सुमारे 0.15 अंश सेल्सिअस वाढ, असे ती सांगते.