चिखलदऱ्याचा उतार आणि कॅलिपरची कैफियत

परतवाड्याहून धामणगाव गढीच्या वाटेने चिखलदऱ्यास जाणाऱ्या मोटारीची खरी परीक्षा चढावर होते असा सर्वसाधारण समज आहे, आणि इंजिनाचा आक्रोश चढावरच ऐकू येत असल्यामुळे तो दृढ होण्यास कारणही आहे. परंतु चढावर मोटार दमली तर फार तर ती थांबते, मंडळी खाली उतरतात, रेडिएटर निवेपर्यंत दरीकडे पाहत चिवडा खातात, आणि पुन्हा मार्गस्थ होतात. उतारावर मात्र थांबणे हीच सगळी करामत असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आणि पायथ्याचे परतवाडा पावणेचारशे मीटरांच्या आसपास, म्हणजे तीसेक किलोमीटरांच्या वाटेत मोटारीला सातशेहून अधिक मीटर खाली यावयाचे. पाच माणसे व सामान मिळून १,२०० किलो वजनाची मोटार एवढी खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळीच्या सगळी उष्णतेच्या रूपाने गोळा करता आली, तर तीवर २५ लिटरांहून अधिक पाण्याला आधण येईल. त्यातला काही हिस्सा वारा घेतो, काही इंजिन सोसते. उरलेल्याचा भार बव्हंशी पुढच्या दोन चाकांतील बिडाच्या तबकड्यांवर, आणि त्या तबकड्यांना चिमटीत धरणाऱ्या कॅलिपर नावाच्या ओबडधोबड, चिखलाने माखलेल्या आणि मालकाने सहसा कधी न पाहिलेल्या अवयवावर पडतो.

ह्या डोंगराचा लौकिक वजन वर नेणाऱ्यांमुळे झाला. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगडाला वेढा दिला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अवजड तोफा दऱ्याखोऱ्यांतून, वाट करीत करीत, माणसांच्या हातांनी ओढून किल्ल्याच्या उत्तरेस आणल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या कॅप्टन रॉबिन्सनची नजर ह्या पठारावर गेली आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्याने त्रासलेल्या साहेबलोकांना थंड हवेचे ठिकाण मिळाले. चढण्याच्या ह्या हकिकती दप्तरांत दाखल आहेत. उतरण्याची विद्या मात्र मेकॅनिकांच्या हाती राहिली.

तसे पाहता तबकडीच्या ब्रेकचे वय मोटारीच्या वयाहून फारसे कमी नाही. बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. पण त्यांच्या तांब्याच्या अस्तराने तबकडीवर घासताना जो कर्णकर्कश चीत्कार काढावयास सुरुवात केली, तो ऐकून ग्राहक पळाला. हर्बर्ट फ्रूड यांच्या ॲस्बेस्टसच्या अस्तराने आवाजाचा बंदोबस्त झाला, तरी मोटारींत अंमल राहिला तो ड्रमचाच. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप मोटार डनलॉपचे डिस्क ब्रेक घेऊन पहिली आली, १९५५ मध्ये सित्रोएनने आपली डीएस ही मोटार पुढच्या डिस्क ब्रेकांसह सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या हाती दिली, आणि मग पारडे फिरले. आपल्याकडे अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांनी हयातीचा मोठा भाग चारही चाकांच्या ड्रमांवर काढला. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो आणि पाय खाली खाली जातो; तापलेली तबकडी फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते, शिवाय उघड्यावर असल्यामुळे वाऱ्याने लवकर निवते. घाटाच्या दृष्टीने हा फरक जिवाशी संबंध असलेला आहे. एस.टी.च्या अवजड गाड्यांचा न्याय वेगळा, त्यांचे ब्रेक हवेच्या दाबाचे आणि ड्रमचे. म्हणूनच घाट उतरणारा एस.टी.चा चालक गिअर खाली घेऊन गाडी इंजिनावर तोलून आणतो, आणि मागच्या नव्या मोटारीतला उतावीळ गृहस्थ उगाच हॉर्न वाजवीत बसतो.

कॅलिपरचे शास्त्र पास्कलच्या नियमावर उभे आहे. पायाखालच्या मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५४ मिलिमीटर धरला, तर तेलावर दिलेला जोर पिस्टनपाशी सातपटींहून अधिक होऊन प्रकट होतो; त्याआधी पेडलची तरफ आणि व्हॅक्यूम बूस्टर यांनी आपापली भर घातलेली असतेच. बहुतेक मोटारींत पिस्टन एकाच, म्हणजे आतल्या बाजूला असतो. तो आतले पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून संबंध कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. एवढे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. त्यात सहसा जोर दिलेला नसतो तो एका प्रश्नावर: पाय उचलल्यावर पिस्टन मागे येतो कसा? त्याला मागे ओढणारी स्प्रिंग कोठेच नाही. ही कामगिरी बजावते सिलिंडरच्या खाचेत बसविलेली, चौकोनी छेदाची, वरवर पाहता क्षुल्लक अशी एक रबरी कडी. पिस्टन पुढे जाताना ही कडी त्याला आपल्या आतल्या कडेने चिकटून किंचित पिळली जाते, आणि दाब जाताच पूर्वस्थितीला येताना त्याला मिलिमीटरच्या एका अंशाइतके मागे आणते. तेवढ्याने पॅड सुटते. पॅड झिजत गेले की पिस्टन ह्याच कडीतून थोडा पुढे घसरून नवी जागा धरतो, म्हणून ड्रमच्या ब्रेकाप्रमाणे ह्याला वरचेवर आवळावे लागत नाही. तेल आत राखणे, पिस्टन परत आणणे आणि झीज भरून काढणे ही तिन्ही खाती एका रबराकडे सोपविणारा रचनाकार माझ्या मते चाकाच्या शोधकाच्या पंक्तीला नाही तरी त्याच्या आसपास बसण्यास पात्र आहे.

साहजिकच कॅलिपर बिघडतो तो बहुधा धरण्यात नव्हे, सोडण्यात. मेळघाटाचा पावसाळा ह्या बिघाडाला फार अनुकूल. धुके, संततधार, रस्त्यावरचा लाल गाळ आणि मग आठवडाभर अंगणात उभी असलेली मोटार, अशा क्रमाने पाणी आधी गाइड पिनांच्या रबरी टोप्यांत शिरते, तेथील ग्रीस धुऊन नेते, पिना गंजतात आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग आतले पॅड संपून लोखंडाला लागते आणि बाहेरचे नव्यासारखे राहते. पाणी पिस्टनच्या धूळरोधक टोपीखाली शिरले, तर पिस्टनच्या क्रोमच्या मुलाम्यावर ठिपके उठतात आणि त्या ठिपक्यांवर रबरी कडी अडकते. परतवाड्याच्या एका वयोवृद्ध मिस्त्रीने ही स्थिती मला आपल्या भाषेत सांगितली ती अशी: "काकाजी, ब्रेक लागत नाही म्हून येनारे लय, सुटत नाही म्हून येनारा एखादाच. पन गाडी खोलली का दुखनं तिथंच सापडते." मोटार एका बाजूला ओढते, एका चाकाशी जळका वास येतो, ॲव्हरेज पडते, मालक टायरवाल्याकडे जाऊन अलाइनमेंट करून घेतो आणि समाधानाने पुन्हा घाट चढतो.

ह्या मिस्त्रीचे कॅलिपर उतरविणे पाहत बसावे असे आहे. चाकाचे नट तो मोटार जमिनीवर असतानाच सैल करतो, मागच्या चाकाला दगड लावतो, आणि जॅकवर मोटार उचलली तरी नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड देतो. कॅलिपरचे बोल्ट काढून तो सोडविला, की त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधतो, कारण नळीचे आतले पापुद्रे एकदा सुटले की तेल जाते पण परत येत नाही, आणि निर्दोष कॅलिपर गुन्हेगार ठरतो. पिस्टन बाहेर काढण्यासाठी पुष्कळ ठिकाणी कॉम्प्रेसरची हवा मारतात. ही रीत अतिशय धोक्याची. अडकलेला पिस्टन अकस्मात सुटतो आणि मध्ये बोट असले तर ते चिरडते. हा मिस्त्री नळी सोडण्यापूर्वीच, पॅड काढून त्या जागी लाकडाचा ठोकळा देतो आणि पोराला पेडल हळूहळू दाबावयास लावतो; पिस्टन गुमानपणे ठोकळ्याला येऊन टेकतो. परतवाडा हे लाकूड डेपोचे गाव, त्यामुळे ठोकळा सागवानाचा असतो, आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या पिस्टनांची वर्तुळे उमटलेली असतात. मग नळीचा बोल्ट काढला की पेडल थोडे दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून ठेवतो. त्यामुळे मास्टर सिलिंडरचे वरचे भोक बंद राहते आणि टाकीतले तेल आपोआप गळून जात नाही.

धुण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडील शिरस्ता घातक आहे. गॅरेजात कोणतीही वस्तू उघडली की ती पेट्रोलच्या वा डिझेलच्या डब्यात जाते. कॅलिपरच्या रबराला हे दोन्ही विष आहे. त्या संसर्गाने रबर फुगते आणि जी व्याधी दूर करावयाची तीच दुप्पट होऊन परतते. येथे स्पिरिट वापरावे किंवा ब्रेक ऑइल, तिसरे काही नाही. पॅडची भुकटीही फुंकून उडवू नये; जुन्या मालात ॲस्बेस्टस असे, आणि नव्यातली धूळ फुप्फुसाला हितावह आहे असे कोणी म्हटलेले नाही. जुनी कडी काढताना मिस्त्री पेचकसाला हात लावीत नाही, बांबूची टोकदार काडी वापरतो, कारण खाचेच्या कडेला ओरखडा पडला तर नवी कडीही गळेल. त्यानंतरचा त्याचा सर्वांत अधिक वेळ जातो तो ह्याच खाचेवर. कडीच्या मागे, खाचेच्या तळाशी, गंजाचा आणि वाळलेल्या मळाचा जो थर साचतो, तो कडीला आतून पिस्टनवर रेटत असतो. तो राहू देऊन नुसते किट बदलणारा कारागीर गिऱ्हाइकाला चार महिन्यांनी पुन्हा भेटतो. सिलिंडरच्या भिंतीवरचा बारीक डाग एक वेळ चालतो, कारण कडी तेथे घासत नाही. पिस्टनच्या अंगावरचा ठिपका मात्र चालत नाही. पिस्टन खरवडलेला असेल तर त्याला पॉलिश पेपर मारून क्रोम घालविण्यापेक्षा नवा आणावा, ह्यावर मिस्त्री ठाम आहे, आणि मालकाच्या घासाघिशीला तो ह्या एका कलमात दाद देत नाही.

जोडणी हाताने होते. नवी कडी ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून, पीळ न पडू देता, बोट फिरवून खाचेत बसवायची. पिस्टनला तेल लावून सरळ, निव्वळ अंगठ्यांच्या दाबाने आत ढकलायचा. तिरका गेला तर अडतो, आणि अडला म्हणून हातोडी उचलणाऱ्याने हा धंदा सोडावा. गाइड पिनांना सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीचेच ग्रीस लागते, बेअरिंगचे नव्हे. वरची आणि खालची पिन पुष्कळदा निराळी असते, एकीला रबरी बुश असते. त्यांची अदलाबदल झाली तर सगळा खटाटोप फुकट. पॅडचे कान ज्या पट्ट्यांवर सरकतात, त्यांच्या खालचा गंजही काढावा लागतो. नळीच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. आणि उजवा-डावा कॅलिपर एकमेकांच्या जागी बसला, तर हवा काढण्याचे निपल वर राहण्याऐवजी खाली येते. हवा तर नेहमी वर राहणार, त्यामुळे दिवसभर पेडल मारले तरी ते पोकळच लागते. अशी मोटार घेऊन हैराण झालेले नवशिके फिटर मिस्त्रीकडे येतात. तो पाना न उचलता लांबूनच सांगतो, "पोरा, निपल पाय कुठं हाय ते."

हवा काढणे हा दोघांचा उद्योग. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा निपल अर्धा फेरा उघडतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीतल्या तेलात निघतात, निपल बंद, मग पाय वर. "दाब… धर… सोड" ह्या तीन आज्ञांखेरीज संभाषण नसते. निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर गेलेली हवा परत आत; टाकी रिकामी होऊ दिली तर सगळे पहिल्यापासून. चाकांचा क्रम कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे धरावा, कारण तेलाचे मार्ग सर्व मोटारींत सारखे नसतात. सांडलेले तेल रंग खाते, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवलेली बरी.

हे तेल हवेतले पाणी शोषून घेते, आणि घाटात ह्याच गुणाची किंमत मोजावी लागते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. सतत पाय ठेवून उतरणाऱ्याच्या कॅलिपरमध्ये तेल उकळून वाफ झाली की पास्कलचा नियम संपतो, कारण वाफ दबते, आणि पेडल फरशीला टेकते. त्याच्या भरीला पेट्रोल वाचविण्याच्या हव्यासाने गाडी न्यूट्रलमध्ये घालून किल्लीच बंद करणारे महाभाग वऱ्हाडात कमी नाहीत; इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये दोनतीनदा दाबण्यापुरतीच ताकद शिल्लक राहते, हे त्यांना वळणावर कळते.

आजकाल कॅलिपर उघडण्याऐवजी अख्खा बदलण्याचा प्रघात पडत आहे, आणि शहरातल्या मजुरीच्या दराने तो हिशेब बरोबरही येतो. परतवाड्यात अजून किट मागविले जाते, आणि तेही दोन्ही बाजूंचे एकदम. एकच बाजू केली तर मोटार चांगल्या बाजूला ओढते. काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक होईतो दाबून घ्यावे लागते, नाहीतर पिस्टन पॅडपासून लांब असल्यामुळे पहिला ब्रेक लागतच नाही. मग चाक पुन्हा उचलून, ब्रेक एकदा दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवून पाहायचे. पॅड जरा घासल्याचा आवाज येणे ठीक, पण चाक अडता कामा नये. त्यानंतर मिस्त्री स्वतः गाडी धामणगाव गढीपर्यंत नेतो, पॅड बसण्यासाठी वाटेत हलकेहलके ब्रेक मारतो, आणि परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ, धातूला स्पर्श न करता, तळहात धरून आच पाहतो. एका बाजूची आच अधिक लागली, तर बिल फाडण्याआधी तेवढी बाजू पुन्हा खोलतो.