पाच मिनिटांची शिक्षा

रस्त्यावर एका माणसाने दुसऱ्याला मागून धरून ठोसा मारला, तर पोलीस येतात. तेच तिकीट काढून आलेल्या हजारो प्रेक्षकांसमोर, संघाचा गणवेश घालून केले, तर पंचाची शिट्टी वाजते. हा फरक नेमका कशावर उभा आहे? मी वकील नाही आणि खेळाडूही नाही. पण या प्रश्नाने मला बरीच वर्षे गुंतवून ठेवले आहे, आणि त्याचा माग काढताना क्रीडापानांपेक्षा न्यायालयांचे निवाडे मला अधिक उपयोगी पडले.

कायद्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : संमती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८७ ला एक उदाहरण जोडलेले आहे. दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचे ठरवतात. खेळताना एकाकडून दुसऱ्याला लागले आणि त्यात लबाडी नसेल, तर तो गुन्हा नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व कलम २५ मध्ये आले आहे. म्हणजे मैदानात उतरणारा माणूस काही प्रमाणात मार खायला कबूल झालेला असतो. प्रश्न उरतो तो 'काही प्रमाणात' म्हणजे किती, हा.

आपल्या कबड्डीत हे प्रमाण स्पष्ट आहे. तिथे अंगाला अंग भिडल्याशिवाय खेळच होत नाही. चढाईपटूचा पाय धरा, कंबर धरा, त्याला खाली पाडा, सगळे चालते. पण त्याचे तोंड दाबून दम तोडणे किंवा गळा आवळणे चालत नाही. पकड ही खेळाची गरज आहे, तोंड दाबणे ही नाही.

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या न्यायालयात १८७८ साली एक खटला चालला. फुटबॉलच्या सामन्यात गुडघा पोटात बसून एक खेळाडू दगावला होता. न्यायमूर्ती ब्रॅमवेल यांनी पंचमंडळाला दोन गोष्टी सांगितल्या. देशाच्या कायद्याने जे बेकायदा ठरते ते खेळाचा नियम कायदेशीर करू शकत नाही. मात्र खेळाडू नियमाप्रमाणे खेळत असेल, तर त्याच्या मनात दुष्ट हेतू नव्हता असे मानायला जागा आहे. आरोपी सुटला. पण पहिले वाक्य कायम राहिले.

या वाक्याची खरी परीक्षा धंदेवाईक खेळात होते, आणि त्यासाठी उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीसारखे दुसरे उदाहरण नाही. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये रबरी चकती ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याची धडक देणे नियमात बसते. हातमोजे टाकून मुष्टियुद्ध करणे बसत नाही. पण त्याची शिक्षा १९२२ पासून पाच मिनिटे बाहेर बसण्याची आहे. सामना साठ मिनिटांचा. दोन्ही मल्ल बाहेर बसतात आणि मग परत येतात.

लेखी नियमाच्या शेजारी एक अलिखित रिवाजही आहे : आमच्या चांगल्या खेळाडूला हात लावलात, तर हिशोब चुकता होईल. १६ फेब्रुवारी २००४ रोजी कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नॅस्लुंड याला धडक दिली. नॅस्लुंडच्या डोक्याला मार बसला. पंचांनी शिक्षा दिली नाही. बदल्याची भाषा वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. ८ मार्चच्या सामन्यात मूर सुरुवातीलाच मॅट कुकशी लढला. रिवाजाप्रमाणे हिशोब मिटायला हवा होता. पण शेवटच्या सत्रात व्हँकुव्हर २-८ असे मागे असताना टॉड बर्टुझीने मूरचा मागून गणवेश धरला, डोक्यावर ठोसा मारला आणि त्याला बर्फावर आपटले. मूरचे तीन मणके मोडले. नॅशनल हॉकी लीगचा एकही सामना तो पुन्हा खेळला नाही.

बर्टुझीने डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. वर्षभराची देखरेख आणि ८० तास समाजसेवा एवढ्यावर सुटका झाली. दोषसिद्धीची नोंदही राहिली नाही. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो कॅनडाकडून खेळला. मूरचा नुकसानभरपाईचा दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला.

इथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो : दंड आणि दर यांतला. दंड हा माणसाला परावृत्त करण्यासाठी असतो. दर मोजला की वस्तू आपली होते. शिक्षा परवडू लागली की ती दंड राहत नाही. पाच मिनिटांची शिक्षा परवडत होती, म्हणून संघ खास मारामारीसाठी पगारी माणसे ठेवू लागले. डेरेक बूगार्ड हा त्यांतला एक. २७७ सामन्यांत त्याचे गोल ३, आणि शिक्षेची मिनिटे ५८९. वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांमुळे २०११ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. वारंवार मार बसल्याने होणारा मेंदूचा आजार त्याला जडलेला होता, हे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसले.

आता सांगा, बूगार्डची संमती कशाला होती? नोकरीच ठोसे मारण्याची आणि खाण्याची असेल, तर 'नाही' म्हणणे म्हणजे नोकरी सोडणे. तलवारबाजी करणाऱ्या त्या दोघांत मालक नव्हता, तिकीटविक्री नव्हती, करारही नव्हता. कायदा आजही त्याच दोघांना डोळ्यांसमोर ठेवून संमती मोजतो. रिवाज कोणी घडवला आणि त्यावर कोणाचे पोट चालते, हे तो सहसा विचारत नाही.

त्या लीगमधल्या मारामाऱ्या गेल्या वीस वर्षांत खूप घटल्या, आणि तरीही खेळ चालू आहे. म्हणजे ठोसा ही खेळाची गरज नव्हती. आपल्याकडे कबड्डी २०१४ पासून लीगच्या रूपात दूरचित्रवाणीवर आली. खेळाडूंना लिलावात बोली लागते, ही आनंदाची गोष्ट आहे. तिथल्या दंडाच्या तक्त्यावर मात्र प्रेक्षकांनी लक्ष ठेवावे. एखादी शिक्षा संघांना परवडू लागली आहे असे दिसले, तर तिची किंमत कोणाच्या तरी मणक्यातून वसूल होत असते.