रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढले, तर घाबरू नका आणि लपवूही नका



मी डॉक्टर नाही. इथे लंडनमध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो, आता वय ७२. गेल्या वर्षी मधुमेहाच्या नेहमीच्या रक्ततपासणीनंतर दवाखान्यातून फोनवर निरोप आला, “लिव्हरच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना भेटा.” तो निरोप मी दोन आठवडे घरात कोणाला दाखवला नाही. कारण सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. आमच्या गावी लिव्हर बिघडले म्हणजे माणूस पिणारा, असाच अर्थ होता. मी माळकरी. आयुष्यात थेंब घेतला नाही. लोक काय म्हणतील, हाच विचार आधी आला. आपल्यापैकी आणखी कोणी असे गप्प बसले असेल, तर त्यांच्यासाठी हा लेख.

आधी हे आकडे कशाचे, ते पाहू. यकृताच्या पेशींत काही एन्झाइम असतात, त्यांना मराठीत विकर म्हणतात. पेशींना इजा झाली की ते रक्तात जास्त उतरतात. म्हणून आकडा वाढणे म्हणजे यकृत निकामी होणे नव्हे. कुठेतरी त्रास चालू आहे, एवढीच ती खूण. तो कशामुळे, हे पुढे शोधावे लागते.

रिपोर्टवर साधारण ही नावे दिसतात :

• एएलटी : हे मुख्यतः यकृतातले. वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४०च्या आसपास, पण प्रयोगशाळेनुसार बदलते.
• एएसटी : हे स्नायूंतही असते, म्हणून अंगमेहनतीनंतरही वाढू शकते.
• एएलपी : हे यकृतातून येते तसे हाडांतूनही. ड जीवनसत्त्व फार कमी असले तरी वाढते. ऊन कमी असलेल्या या देशात आपल्या लोकांत ही कमतरता पुष्कळ आढळते.
• जीजीटी : हे दारूने वाढते, तसेच काही औषधांनी आणि यकृतातल्या चरबीनेही.

बिलिरुबिन हे विकर नाही, पण त्याच रिपोर्टवर असते. काही जणांचे ते जन्मापासूनच किंचित जास्त असते आणि उपवासात आणखी वाढते. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. त्याने अपाय होत नाही. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिले असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे.

आता माझी गोष्ट. शेवटी सौभाग्यवतींनी तो निरोप वाचलाच आणि मला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. माझे एएलटी होते ११२, मर्यादा ४१. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. मला राग आला, पण त्या हा प्रश्न प्रत्येकालाच विचारतात. मग औषधे विचारली. मी रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगून थांबलो. शेजारून आवाज आला, “अहो, आणि ते गुळवेलीचं?”

पुण्याहून आणलेल्या गुळवेलीच्या गोळ्या मी चार महिने रोज घेत होतो. ते औषध आहे, असे मला वाटलेच नव्हते. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, हेही खरे. अश्वगंधा आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या यांबाबतही जगभरातून अशा नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीला भिण्याचे कारण नाही. अर्काच्या गोळीत मात्रा फार मोठी असते.

डॉक्टरीणबाईंनी गुळवेल बंद केली. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन मी स्वतःहून सोडणार होतो, ती मात्र चालू ठेवायला सांगितली. आकडा मर्यादेच्या तिप्पट झाल्याशिवाय ती सहसा थांबवत नाहीत, असे त्या म्हणाल्या. हृदयाचे औषध मनाने सोडणे जास्त धोक्याचे.

सहा आठवड्यांनी एएलटी ५८ झाले. कमी झाले, पण पुरते नाही. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली. न पिणाऱ्यांत आकडे वाढण्याचे हेच सर्वांत नेहमीचे कारण, आणि मधुमेह व पोटाचा घेर असलेल्यांत ते अधिक. आपण दिसायला बारीक असलो तरी चरबी पोटात साठते. म्हणून आपल्या लोकांसाठी मर्यादा कडक आहेत : कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरवले तर यकृतातली चरबी आणि सूज चांगलीच कमी होते. मी रात्रीचा भात अर्धा केला, चहातली साखर सोडली, महाप्रसादाचा शिरा एक चमचा घेतो आणि रोज चाळीस मिनिटे चालतो. आठ महिन्यांत सहा किलो उतरले. आता एएलटी ३९ आहे.

आणखी दोन गोष्टी. गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेत असाल, तर ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही दिवसाची कमाल मर्यादा. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर आधी फार्मसिस्टला विचारा. सर्दीच्या पुड्यांतही तेच औषध असते, ते मोजायला विसरू नका.

दुसरे, लहानपणी गावी एकाच सुईने अनेकांना इंजेक्शने दिली जात. या देशातही सप्टेंबर १९९१पूर्वी ज्यांना रक्त दिले गेले, त्यांना हिपॅटायटिस सीची तपासणी करून घेण्यास सांगतात. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहू शकतात. सी आज काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. तपासणी मागण्यात लाज कसली?

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा पोट फुगू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा १११ला कळवा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा अचानक भ्रम झाल्यास ९९९. उलट आकडे ठीक असले म्हणजे यकृत ठीकच, असेही नाही. म्हणून मधुमेहींनी पुढील तपासणीबद्दल जरूर विचारावे.

नम्र आवाहन

दवाखान्यात जाताना घरातली प्रत्येक गोळी, चूर्ण आणि काढ्याची बाटली एका पिशवीत घालून न्या. इंग्रजी अवघड वाटत असेल, तर वेळ ठरवतानाच दुभाषा मागा. एनएचएसमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत.

आपल्यातील काही ज्येष्ठ एकटे राहतात. त्यांना दवाखान्यात सोबत करण्यासाठी सेवा समितीला गाडी चालवू शकणारे स्वयंसेवक हवे आहेत. महिन्यातून एक सकाळ दिली तरी पुष्कळ होईल. ज्यांना वेळ देता येत नाही, त्यांनी कार्यालयाबाहेरच्या आरोग्य साहाय्य पेटीत यथाशक्ती दान टाकावे. ते टॅक्सीभाड्यासाठीच वापरले जाईल. आणि ज्यांना सोबत हवी आहे, त्यांनी आरतीनंतर मला हळूच सांगावे. नाव गुप्त राहील.

मी दोन आठवडे गप्प बसलो. आपण बसू नका.

आपला नम्र,
सेवा समितीतील एक सदस्य