स्पोर्ट्स कारचे इंजिन बांधायचे, तर आधी मापाची वही हवी

द्रोणागिरीचे नाव घेतले की कंटेनर आणि ट्रेलर डोळ्यांसमोर येतात. सिडकोने वसविलेला हा नोड उरण तालुक्यात, १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या शेजारी आहे. बंदरामुळे पनवेल-उरण पट्ट्यातील गॅरेजवाले, खरादी, वेल्डर आणि बोअरिंगवाल्यांच्या हाताला काम मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू खुला झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल आली व द्रोणागिरीला स्वतःचे स्टेशन मिळाले. मुंबईचा हौशी मोटारमालक आता या भागापासून फार दूर राहिलेला नाही. जुनी स्पोर्ट्स कार उतरवून "हिचे इंजिन खास बांधून द्या" असे म्हणणारे गिऱ्हाईक आज ना उद्या आपल्या एखाद्या कारागीर बांधवाच्या दारात उभे राहील. हे काम घ्यावे का, त्यात नेमके काय करावे लागते आणि नुकसान कोठे होते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

आपल्याकडील प्रयोग काय सांगतात?

आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबाग परिसरात चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्याने लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन आसनी रोडस्टर बनविली. तिचे अंग फायबरचे, वजन कमी. पण इंजिन मात्र इसुझूचे १.८ लिटरचे, म्हणजे कॉन्टेसा आणि अॅम्बेसेडरमध्ये बसत असे त्याच घराण्यातले. १९९८ च्या सुमारास आलेल्या सॅन स्टॉर्म या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये रेनोचे १.२ लिटरचे इंजिन होते. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये दाखविलेल्या डीसी अवंतीमध्येही रेनोचेच २ लिटरचे टर्बो इंजिन होते. तिन्ही गाड्यांचे रूप नवे, इंजिन मात्र दुसऱ्याचे. कारण उघड आहे. ब्लॉक आणि हेडचे साचे, मशिनरी व धुराच्या चाचण्या यांचा खर्च थोड्या गाड्यांवर निघत नाही.

यात कमीपणा काही नाही. इंग्लंडमध्ये १९५८ साली माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनी आपल्या नावांचे तुकडे जोडून कॉसवर्थ नावाची छोटी कंपनी काढली. सुरुवात केली ती फोर्डच्या साध्या गाड्यांची इंजिने सुधारून देण्यापासून. १९६६ मध्ये त्यांनी फोर्ड कॉर्टिनाच्या १.६ लिटरच्या ब्लॉकवर स्वतःचे चार-व्हॉल्व्हचे हेड चढविले व दोनशेहून अधिक अश्वशक्ती काढली. पुढच्याच वर्षी त्यांचे डीएफव्ही हे इंजिन पहिल्याच शर्यतीत, हॉलंडच्या झांडवूर्ट येथे जिंकले. १९८३ पर्यंत या घराण्याच्या इंजिनांनी फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या. ब्लॉक दुसऱ्याचा आणि कारागिरी आपली, हाच या धंद्याचा रिवाज आहे.

बोअर वाढविल्याने किती ताकद वाढते?

गिऱ्हाइकाची पहिली मागणी बहुधा हीच असते: "बोअर मोठा करा." हिशेब करून पाहू. इसुझूच्या या १.८ लिटर इंजिनाचा बोअर ८४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर. चार सिलिंडरचे मिळून १८१७ सीसी होतात. बोअर अर्धा मिलिमीटर वाढविला, म्हणजे वीस थाऊ काढले, की होतात १८३९ सीसी. पुरा एक मिलिमीटर वाढविला तरी १८६१ सीसी. वाढ झाली अवघी अडीच टक्क्यांच्या आत, आणि सिलिंडरची भिंत तेवढी पातळ होऊन बसली. घासलेला सिलिंडर सरळ करण्यासाठी बोअरिंग जरूर करावे. ताकदीसाठी केले तर पैसे वाया जातात.

मग ताकद येते कोठून? अश्वशक्तीचे गणित सोपे आहे. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ७०२३ ने भागावे. १५० न्यूटन-मीटर टॉर्क ५००० फेऱ्यांवर मिळाला तर १०७ अश्वशक्ती होते. तोच टॉर्क ७००० फेऱ्यांवर टिकला तर सुमारे १५० होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची सारी मेहनत या "टिकला तर" मध्ये आहे. ७००० फेऱ्यांवर पिस्टनला एका झटक्यात खाली येऊन हवा ओढायला सेकंदाचा सुमारे २३३ वा भाग मिळतो. तेवढ्या वेळात सिलिंडर भरला नाही तर टॉर्क पडतो.

म्हणून खरे काम हेडमध्ये असते. पोर्टमधील ओतकामाच्या कडा व पायऱ्या काढणे, मॅनिफोल्ड आणि गॅस्केट यांची तोंडे जुळविणे, व्हॉल्व्ह सीटला तीस, पंचेचाळीस व साठ अंशांचे तीन कट देणे, कॅम निवडून तो डिग्रीच्या चकतीवर तपासून बसविणे, ही ती कामे. पोर्ट नुसता मोठा करणे म्हणजे सुधारणा नव्हे. फार मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी मेल्यासारखी चालते.

दुसरी जागा कॉम्प्रेशनची. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे ४५४ सीसी होतात. ९ चे कॉम्प्रेशन हवे असेल तर वरची मोकळी जागा ५६.८ सीसी हवी, साडेदहाचे हवे असेल तर ४७.८ सीसी. फरक फक्त ९ सीसीचा, दोन चहाच्या चमच्यांपेक्षाही कमी. हेड अंदाजाने फेसिंग करून आणणाऱ्याच्या हातून इतके बारीक माप साधत नाही. जाड काच किंवा ॲक्रिलिकची पट्टी हेडवर ठेवावी, बुरेटने पातळ तेल सोडावे, चारही खोल्या मोजाव्यात, त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्याचा खड्डा धरावा, मग किती काढायचे ते ठरवावे.

फेरे वाढले की भार वाढतो

फेरे ५००० वरून ७५०० वर नेले, म्हणजे दीडपट केले, तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ओढीचा भार दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. रॉडचे बोल्ट याच ठिकाणी तुटतात आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मूळ कंपनीचा रॉड मूळ फेऱ्यांसाठी बनविलेला असतो. म्हणून वेगाच्या इंजिनात फोर्ज केलेले पिस्टन व रॉड, नवे बोल्ट आणि कॅमला जुळणाऱ्या कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा हव्यातच. गिऱ्हाईक तेथे काटकसर करा म्हणाले, तर फेरे वाढविण्यास साफ नकार द्यावा.

मापांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. गॅरेजचे इंजिन आणि शर्यतीचे इंजिन यांच्यात मोठा फरक मापाचा आहे. माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. आपले काम त्याहून बारीक आहे.

क्रँकच्या जर्नलला इंचामागे एक थाऊ फट, हा जुना ठोकताळा आहे. ५० मिलिमीटरच्या जर्नलला तो पाच शतांश मिलिमीटर येतो. कमी झाली तर तेलाला जागा राहत नाही व शेल जळतात. जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. रिंगच्या तोंडाची फट, टर्बो नसेल तर, बोअरच्या इंचामागे चार थाऊ. ८४ मिलिमीटरला ती चौतीस शतांशाच्या आसपास येते. ही फट कमी राहिली तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांवर आपटतात, पिस्टनची खाच तुटते व बोअर ओरबाडला जातो. फोर्ज केलेला पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून अधिक फट द्यावी लागते. पिस्टन, रिंग व शेल बनविणाऱ्यांनी सोबत दिलेला कागद फेकू नये. ठोकताळा आणि तो कागद यांत फरक पडला तर कागद मानावा.

माप घेण्याचीही रीत आहे. उन्हातून आणलेला ॲल्युमिनियमचा ८४ मिलिमीटरचा पिस्टन दहा अंश जास्त गरम असेल, तर तो जवळजवळ दोन शतांश मोठा भरतो. जेथे सारी फट पाच-सात शतांशांची, तेथे ही चूक मोठी ठरते. म्हणून ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मापावे. होनिंग करताना ब्लॉकवर हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट ठेवून बोल्ट टॉर्क पान्याने पूर्ण आवळावेत. बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकडा होतो. तो त्याच स्थितीत गोल केला पाहिजे. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत ताजा होन केलेला बोअर पाहता पाहता गंज धरतो, तेव्हा धुवून लगेच तेल लावून झाकावा.

पिस्टन व रॉड काट्यावर तोलून एकमेकांत ग्रॅमभराच्या आत आणावेत, क्रँक बॅलन्स करावा. जोडणीपूर्वी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातील माती लावून हेड बसवावे, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे व हेड काढून मातीची जाडी पाहावी. मोठ्या कॅममुळे व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार असेल तर ते येथेच कळते. सुमारे दोन मिलिमीटर जागा इनलेटला आणि त्याहून थोडी अधिक एक्झॉस्टला ठेवण्याची पद्धत आहे.

पेट्रोल बदलले आहे

२०२५ पासून देशभर बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागत. या पेट्रोलला सुमारे साडेतेरा पुरतात. याचा अर्थ जुन्या जेटवरचा कार्बोरेटर आता इंजिनाला कमी पेट्रोल देतो. मिश्रण पातळ झाले की इंजिन तापते, नॉकिंग होते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. जेट नव्याने ठरवावेत, जुने रबरी पाइप बदलावेत व शेवटचे जुळवणे डायनोवर, धुरातील मिश्रण मोजून करावे. कानाने जुळविण्याचे उस्तादांचे कसब मोठे आहे, पण ७००० फेऱ्यांवर कानाला कळेपर्यंत पिस्टन गेलेला असतो.

कायदा आणि करार

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणी पुस्तकातील तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे असले तरी आरटीओची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, मनाई असलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी रस्त्यावर धावणार की फक्त शर्यतीच्या मैदानावर, हे काम घेण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. मद्रास व कोइम्बतूर येथे शर्यतीचे ट्रॅक आहेत. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही २०१० च्या दशकात वेगाच्या स्पर्धा झाल्या. अशा जागेसाठी बांधलेले इंजिन बाजारहाटाला नेण्यासाठी नसते.

आपले कारागीर बहुधा जबानी व्यवहारावर फसतात. ट्रेलरचे इंजिन ओव्हरहॉल करताना शब्द पुरतो, कारण दोघांनाही अपेक्षा ठाऊक असते. येथे गिऱ्हाईक किती अश्वशक्तीची आस धरून आले आहे ते आपल्याला दिसत नाही. इंजिन फुटले की पिस्टन, रॉड, क्रँक, ब्लॉक सारेच जाते, आणि दोष कोणाचा हा वाद उभा राहतो. छोट्या गॅरेजची कित्येक महिन्यांची कमाई एका इंजिनात बुडू शकते.

म्हणून सुटे भाग, मशीनकाम आणि जोडणी-जुळवणी यांची तीन वेगळी बिले करावीत. सुट्या भागांची रक्कम आगाऊ घ्यावी. अश्वशक्तीचा आकडा कबूल करू नये. मापे कबूल करावीत. फेऱ्यांची मर्यादा, तेलाचा प्रकार, पहिले हजार किलोमीटर कसे चालवायचे, हे लिहून दोघांनी सही करावी. प्रत्येक इंजिनाची एक वही ठेवावी. तिच्यात चारही बोअरची वर, मध्ये व खाली घेतलेली मापे, प्रत्येक जर्नलची फट, पिस्टनची वजने, खोल्यांचे सीसी, बोल्टचा टॉर्क आणि तारीख लिहावी. वाद झाला तर ही वही आपली बाजू मांडते. वाद झाला नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाला तीच दाखविता येते.

ट्रेलरचे काम करणाऱ्या शागिर्दाला आजपासून एवढे शिकविता येईल की जे हाती येईल ते आधी मापायचे आणि लिहून ठेवायचे. त्यासाठी स्पोर्ट्स कारची वाट पाहण्याचे कारण नाही. एक चांगला बोअर गेज, मायक्रोमीटर, डायल, टॉर्क पाना व बुरेट एवढ्यावर सुरुवात होते. महागडी बॅलन्सिंग मशीन आणि डायनो प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. ते काम बाहेरून करून घेता येते, किंवा चार-पाच गॅरेजवाले मिळून घेऊ शकतात.

जर्मनीच्या एएमजी कंपनीत ठरावीक इंजिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जोडतो व त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर लावली जाते. जपानच्या निस्सान जीटी-आरचे उत्पादन २०२५ मध्ये थांबेपर्यंत तिची इंजिनेही मोजक्या उस्तादांच्याच हातून बनत आणि त्यांचे नाव वर कोरलेले असे. गाडी कोट्यवधींची असली तरी कंपनीला त्या माणसाच्या हाताची ग्वाही द्यावीशी वाटते. आपल्या पट्ट्यातही हाताचे कसब कमी नाही. ते मापाने लिहून ठेवले की त्याची किंमत मागता येते.