खाडीचा चिखल चालेल का?

खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी असलेल्या वाशीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो बाजूला सारवेना. प्रश्न साधा आहे : मिरॅकल मड हा विकतचा चिखल परवडत नाही, घरामागे खाडी आहे, तिथला चिखल फुकटात मिळतो, तो सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत, पसरला तर स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसात ओढणारं यंत्र, काढून टाकता येईल का?

आधी खाडीचं बघू. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला बोट खुपसलं की वरचा पातळ पिंगट थर संपतो आणि खाली काळाकुट्ट चिखल लागतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा चिखल उपसून टाकीत ओतला तर माशांसाठी ते विषच. शिवाय ठाण्याच्या खाडीत कित्येक दशकं कारखान्यांचं सांडपाणी येतंय आणि त्यातले जड धातू गाळातच बसतात. जड धातूंमधलं तांबंच घ्या : पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देताना मासे वेगळ्या टाकीत हलवतात. माशांना सोसेल एवढ्या तांब्याने कोळंबी, शंख आणि प्रवाळ मरतात. तेव्हा खाडीचा चिखल नको. कांदळवनं संरक्षित आहेत, हे आणखी एक कारण.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, चिखलाने स्किमर काढता येईल का हा, आणि खरी गंमत तिथे आहे.

चिखलाची ही पद्धत गाजवली ती कॅलिफोर्नियातल्या लेंग सी यांनी, 1990 च्या दशकात. त्यांच्या सम्पमध्ये चिखलाचा बेताचा थर, त्यावर रुजवलेलं कॉलेर्पा हे हिरवं शेवाळ आणि वर चोवीस तास जळणारा दिवा. स्किमर नाही. चिखलात नेमकं काय, हे गुपित; तोच मिरॅकल मड. तेव्हा बर्लिन पद्धतीचा, म्हणजे लाइव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेले समुद्रातले दगड) आणि दणकट स्किमर यांचा जोर होता. त्या काळात स्किमरशिवाय प्रवाळ वाढवून दाखवणं म्हणजे पाखंडच!

पण या यशाचं श्रेय चिखलाला किती द्यायचं? बारीक कणांच्या थरात प्राणवायू काही मिलिमीटरच उतरतो. त्याखालचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, हे खरं. पण खोल वाळूच्या थरातही तेच घडतं. चिखलातून लोह आणि मँगनीज सुटतं, ते शेवाळाला लागतं. कोपेपॉड हे इवले जीव आणि किडे तिथे सुखाने वाढतात; त्यांवर जगणारा मँडरिन मासा पाळणाऱ्यासाठी ही मोठीच सोय. मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं ते शेवाळ, आणि दर आठवड्याला त्यातलं मूठभर उपटून फेकलं तरच ते टाकीबाहेर जातं. कापणी टाळली तर मेलेलं शेवाळ तेच पुन्हा पाण्यात सोडतं. चेटोमॉर्फा या दुसऱ्या शेवाळाला मुळं नसतात, ते चिखलाविनाही वाढतं आणि हेच काम करतं. यावरून काय ते समजावं.

स्किमरचं काम निराळं. तो नायट्रेट काढत नाही. उरलेलं अन्न आणि माशांची घाण कुजण्याआधीच बुडबुड्यांना चिकटून कपात येते. जेवण आटोपताच उष्टी ताटं उचलावीत, तसं हे. शेवाळाचं काम त्या कुजण्यानंतर सुरू होतं. अर्थात स्किमरचाही फार बडेजाव नको. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009 मध्ये स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच ते काढू शकले. बाकीचा तसाच राहिला. तरी स्किमर पाण्यात हवा खेळवतो, आणि मेच्या उकाड्यात कोमट पाण्याला तिची फार गरज असते.

कॉलेर्पाची एक खोड मात्र सांगायलाच हवी. हातभर पसरलेलं झाड ही एकच पेशी असते, आत भिंती नाहीत, केंद्रकं असंख्य. लहर आली की एका रात्रीत आतला सगळा जीवद्रव जननपेशींत बदलतो आणि पहाटे पाण्यात सुटतो. मागे राहते पारदर्शक, पांढरट साल. समुद्रात हा सोहळा. टाकीत पाणी दुधाळ हिरवं, प्राणवायू घटलेला आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात. दिवा चोवीस तास ठेवण्यामागे हीच भीती आहे. उपाय बहुधा लागू पडतो, हमी नाही.

याच कुळातल्या कॉलेर्पा टॅक्सिफोलियाने मोनॅकोत काय केलं? 1984 मध्ये तिथल्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या खाली त्याचा छोटासा पट्टा दिसला आणि पुढे भूमध्य समुद्रात ते दूरवर पसरलं. 2000 मध्ये ते सॅन दिएगोजवळच्या खाजणात सापडलं. तिथे ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं, आणि पुरतं संपल्याचं 2006 मध्ये जाहीर झालं.

म्हणून वाशीकरांना उत्तर : मासे मोजके आणि दर आठवड्याला कापणीची शिस्त असेल, तर स्किमरशिवाय भागेल. चिखल नसला तरी चालेल. गर्दीच्या टाकीतून स्किमर काढू नका. आणि कापलेलं शेवाळ उन्हात कडक वाळवून कचऱ्यात टाका; खाडीत किंवा नाल्यात मुळीच नको.