बारा हजारांचा वसूल आणि हेगचा निवाडा

हिंगोली जिल्ह्यातील आमचे गोरेगाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, आणि त्या अमलात ज्यांनी दिवस काढले त्यांना जहागिरीचा अर्थ कोणा विधिज्ञाने समजावून सांगण्याची गरज नव्हती : वसूल जहागीरदाराचा, मुलूख सरकारचा. हाच भेद ठरविण्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला चार वर्षांहून अधिक काळ लागला, हे वाचले म्हणजे गंमत वाटते.

प्रकरण दादरा-नगरहवेलीचे. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणच्या बाजूच्या काही गावांतून सालीना बारा हजार रुपयांचा वसूल तोडून दिला आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती गावे नेमून दिली. पुढे मराठी राज्य बुडाले, इंग्रजांनी विचारपूस केली नाही, आणि वसुली करणारा हळूहळू धनी होऊन बसला. १९५१ मध्ये तर पोर्तुगालच्या सालाझार सरकारने राज्यघटनाच दुरुस्त करून गोव्यासह आपल्या साऱ्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरविले, म्हणजे वसाहतच नाही तर ती सोडण्याचा प्रश्न येतोच कोठे!

१९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांनी हा मुलूख मुक्त केला; दमणहून फौज धाडायची तर वाटेत भारताची भूमी, आणि भारताने ती वाट रोखलेली. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात फिर्याद गुदरली. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात न्यायाधीशांनी पेशवाईचा सरंजाम अचूक ओळखला. मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असे त्यांनी म्हटले. परंतु त्याच लेखणीने त्यांनी असेही लिहिले की, इंग्रजांनी व मागाहून भारतानेही मौनाने पोर्तुगीजांचे धनीपण मानले होते. सबब खाजगी माणसे, मुलकी अंमलदार व माल यांना वाट आहे, सशस्त्र फौजेस नाही, आणि १९५४ साली भारताने आपले बंधन मोडलेले नाही. हा शेवटचा मुद्दा नऊ विरुद्ध सहा मतांनी सुटला. जे सनदेने दिले नव्हते ते गप्प राहण्याने गेले, ही गोष्ट मला त्या निवाड्यात सर्वांत बोचरी वाटते.

गोव्याच्या बाबतीत असा कागदही नव्हता. जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्या नेहरूंनी शस्त्र उचलावे तर शब्द खोटा ठरतो, न उचलावे तर १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळ्या झेलणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींना उत्तर देता येत नाही, अशा कोंडीत वर्षे गेली. अखेर १९६१ च्या डिसेंबरात फौज शिरली, तेव्हा ज्या सुरक्षा समितीकडे १९४८ साली आमच्या निजामानेही फिर्याद नेली होती, तिच्यापुढे भारताने युद्ध थांबवून फौज मागे घ्यावी असा ठराव आला. त्याला सात मते अनुकूल पडली, चार प्रतिकूल, आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने तो बारगळला.

सालाझारशाही १९७४ च्या एप्रिलात कोसळली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.