घोरणे, निद्राश्वासरोध आणि दंतवैद्यकातील मुखसाधने

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत. रुग्णपरीक्षणात निद्रेची चौकशी आपण नियमाने करतो. परंतु ती बहुधा 'झोप लागते का?' एवढ्यावरच थांबते. झोपेत श्वास कसा चालतो, हे विचारावयाचे राहून जाते. ज्याला अंथरुणावर पडताच झोप लागते आणि जो रात्रभर मोठ्याने घोरतो, त्याच्या पत्रकावर 'निद्रा प्राकृत' अशी नोंद होते आणि निद्राश्वासरोध, म्हणजेच स्लीप ॲप्निया, नजरेतून निसटतो.

कोपर-डोंबिवली परिसरात तर हे फार सहज घडते. पहाटे उठून लोकल गाठावयाची, रात्री उशिरा परतावयाचे, गाडीत टेकावयास जागा मिळाली की डोळे मिटावयाचे, हे येथे कोणालाच वावगे वाटत नाही. त्यामुळे दिवसा येणारी झोप प्रवासाच्या खात्यावर जमा होते. म्हणून सुटीच्या दिवसाविषयी अवश्य विचारावे. पुरेसा वेळ झोपूनही ज्याला सकाळी डोके जड वाटते, तोंड कोरडे पडते, वर्तमानपत्र वाचता वाचता पेंग येते, त्याचा थकवा केवळ प्रवासाचा नसावा, असा संशय धरावा.

हा व्याधी आपल्याकडे विरळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वासविकृतीचे प्रमाण १९.५ टक्के, तर दिवसा झोप येण्याच्या लक्षणासह असलेल्या श्वासरोधाचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा रुग्णालयाने सांगितलेल्या कारणांत या व्याधीचे नाव आले आणि ते घरोघरी पोहोचले.

संप्राप्ती

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात; जीभ व मृदू तालू मागे सरकतात. मार्ग अरुंद झाला की वायूच्या वेगाने मऊ भाग कंप पावतात, हेच घोरणे. मार्ग पूर्ण मिटला की श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि दचकून श्वास पुन्हा सुरू होतो. दहा सेकंद वा अधिक काळ टिकणाऱ्या अशा अडथळ्यांची ताशी संख्या ५ ते १५ असल्यास सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० वा अधिक असल्यास तीव्र श्वासरोध मानतात. उच्च रक्तदाब, हृद्रोग आणि वाहन चालविताना होणारे अपघात यांच्याशी त्याचा संबंध आहे.

चरकाचार्यांनी अतिस्थौल्य आणि निद्रा यांचा विचार सूत्रस्थानाच्या २१ व्या, अष्टौनिंदितीय, अध्यायात एकत्र केला आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात अतिस्थूलाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास व अतिनिद्रा यांच्यासमवेत 'क्रथन' सांगितले आहे. श्वासाचा एकाएकी होणारा अवरोध किंवा झोपेतील घुरघुर असा त्याचा अर्थ घेतला जातो. हे साम्य लक्षणीय आहे. मात्र लहान वा मागे असलेल्या हनुवटीमुळे कृश व्यक्तीसही हा व्याधी होतो, हे विसरू नये.

मुखसाधन म्हणजे काय?

खालचा जबडा किंचित पुढे आणून धरणारे, वरच्या व खालच्या दातांवर बसणारे साधन रात्री तोंडात घालावयाचे, ही यामागील कल्पना. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि तालूमागील मार्गही रुंदावतो. फ्रेंच दंतचिकित्सक पिएर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच याच तत्त्वाचे साधन वापरले होते. दंतवैद्य दातांचे माप घेऊन साधन बनवितात आणि आठवड्यांच्या अंतराने जबडा थोडा थोडा पुढे घेतात.

नळीतून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र १९८१ पासून ज्ञात असून अडथळे थांबविण्यात ते अधिक समर्थ आहे. तीव्र व्याधीत प्रथम तेच. पण अनेकांना मुखवटा सोसवत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात अडथळे यंत्राने अधिक कमी झाले. परंतु रुग्णांनी मुखसाधन रात्री अधिक तास वापरल्याने महिन्याअखेरचे आरोग्यविषयक परिणाम साधारण सारखेच दिसले. म्हणून केवळ घोरणे, सौम्य ते मध्यम श्वासरोध आणि यंत्र न सोसणारा रुग्ण, ही मुखसाधनाची क्षेत्रे होत.

पुरेसे बळकट दात नसलेले, हिरड्यांचा तीव्र विकार असलेले किंवा जबड्याच्या सांध्याची पीडा असलेले रुग्ण यास सहसा योग्य नव्हेत. आरंभी लाळ सुटणे, सकाळी जबडा आखडणे असे त्रास होतात. दीर्घकाळाने दातांची चावण्याची ठेवण बदलू शकते. यास्तव वेळोवेळी दंततपासणी हवी.

आपले कर्तव्य

घोरणाऱ्या रुग्णाच्या सहचरास विचारावे: श्वास मध्येच थांबतो काय? मानेचा घेर, वजन व रक्तदाब यांची नोंद घ्यावी. संशय आल्यास निद्रापरीक्षण करवून घ्यावे, साधन त्यानंतर. घोरणे थांबले म्हणजे श्वासरोध थांबला असे नव्हे. म्हणून साधन घालून पुन्हा परीक्षण करणे अगत्याचे आहे. औषधी दुकानदारांसही आमचे सांगणे आहे की, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबावयाची तयार साधने परीक्षणाशिवाय हाती देऊ नयेत. आवाज बंद होतो, घरचे निश्चिंत होतात आणि व्याधी मात्र आत चालूच राहतो.

निद्राजनक औषधांविषयी विशेष सावधानता हवी. सर्पगंधेतील रिसर्पीनने तंद्रा येते आणि नाकही चोंदते. रक्तदाब व झोप या दोहोंसाठी हा कल्प देताना रुग्ण घोरतो काय, हे आधी पाहावे. रात्रीचे मद्य वर्ज्य करावे, कुशीवर झोपवावे.

लंघन, व्यायाम, मेदोहर चिकित्सा आणि नासावरोधासाठी नस्य यांचे स्थान अबाधित आहे. वजन उतरले की व्याधी सौम्य होतो; परंतु त्यास महिने लागतात आणि तोवर प्रत्येक रात्री मार्ग मोकळा राहावयास हवा. तो मोकळा ठेवणारे साधन दंतवैद्याकडे असेल, तर रुग्णास तेथे पाठविणे ही आपल्या चिकित्सेचीच एक पायरी होय.